फाईल कुणी वाचत नाही

सोमवार, १२ जानेवारी २०२६
जुळे सोलापूर

दीक्षा,

हे पत्र फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण आधी वाच. वर्गात काय सांगते मी? प्रश्न शेवटपर्यंत वाचल्याशिवाय पेन उचलायचं नाही. तसंच समज.

तुझ्या आत्याचा मंगळवेढ्याचा पत्ता मी तुझ्या प्रवेश अर्जावरून उतरवून घेतला. धम्मप्रियाताई, पाकीट आधी तुमच्या हातात पडलं असेल तर तुम्हीही वाचा. मी भुवनेश्वरी बाई, दीक्षाच्या सायन्सच्या बाई. तुम्ही अंगणवाडी चालवता, एक मूल दोन दिवस आलं नाही तर जिवाला काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. माझी ही पोरगी एक महिना झाला वर्गात नाही.

तुझा मोबाईल बाबांनी काढून घेतला हे वर्गात तुझ्या पिंकीनं सांगितलं. म्हणून पत्र. शिवाय दुसरं एक कारण आहे. शाळेचं परिपत्रक तुला माहीत आहेच, डिसेंबरात सगळ्या वर्गांत वाचून दाखवलं होतं. अकरा नियम. शिक्षकांनी विद्यार्थ्यांशी व्हॉट्सॲपवर, इन्स्टाग्रामवर, कुठंही वैयक्तिक बोलायचं नाही. मुलांचे नंबर ब्लॉक करायचे. घरी येऊ द्यायचं नाही. मी दोनदा वाचून काढलं, पत्राबद्दल त्यात एक अक्षर नाही. लिहिणाऱ्याला वाटलं असणार, या जमान्यात कोण मरायला पत्र लिहितंय. बघ, मी लिहितेय.

आता मुद्द्याचं. डिसेंबरात माझा मोबाईल बिघडला होता. तू काही मेसेज केले असशील तर ते मला मिळाले नाहीत. आणि तू समजतेस तसं मी काही केलेलं नाही. परिपत्रक निघाल्यावर शाळेनं सगळ्या शिक्षकांचे मोबाईल तपासले, त्यात आपलं बोलणं त्यांच्या हाती लागलं. माझा नाइलाज होता. मोठी झालीस की कळेल तुला, नोकरीत माणसाचे हात बांधलेले असतात.

वीस फेब्रुवारीला दहावीचा मराठीचा पेपर आहे. तुझा फॉर्म भरलेला आहे, हॉल तिकीट येईल. तू फक्त यायचंस. एवढंच कर गं. वर्गातल्या पहिल्या तिघांत असलेली मुलगी पेपरला बसत नाही म्हणजे काय? लॅबमध्ये काम करायचंय, रक्त तपासायचंय म्हणत होतीस, ते मंगळवेढ्यात ज्वारीच्या रानात बसून होणार आहे का?

उत्तर पाठव. दोन ओळी चालतील. शिव्या दिल्यास तरी चालतील.

तुझ्या बाई

•

बुधवार, २१ जानेवारी २०२६

दीक्षा,

नऊ दिवस झाले. पोस्टात विचारून आले, मंगळवेढ्याला पत्र दोन-तीन दिवसांत जातं म्हणाले. म्हणजे तुला मिळालंय.

संक्रांत गेली, गड्ड्याची जत्रा गेली. पोरी गड्ड्यावर पाळण्यात बसून आल्या, मला बांगड्या दाखवत होत्या. पिंकीनं तुझ्यासाठीही घेतल्यात. सगळ्यांनी तिळगूळ दिला, मी घेतला, पण मनात काय चाललं होतं ते माझं मला माहीत.

काल मी एसटीच्या वर्कशॉपला गेले होते, तुझ्या बाबांना भेटायला. हो, गेले. कुणी सांगितलं नव्हतं. त्रिंबकराव गाडीखाली होते. बाहेर आले आणि म्हणाले, "हात काळे हायेत म्याडम, खुर्ची पुसून देत न्हाय." मी उभीच राहिले.

मी म्हटलं, तुमचा राग माझ्यावर आहे ना, मग माझ्यावर काढा, पोरीचं वर्ष का बुडवता?

ते म्हणाले, "मी कुटं आडवलंय? मी सोता म्हणलं, पेपर दे, मग काय ते बघू. तीच न्हाय म्हणती. त्या शाळेचं आन त्या बाईचं तोंड बघायचं न्हाय म्हणती."

दीक्षा, मला हे माहीत नव्हतं. महिनाभर मी तुझ्या बाबांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. त्यांनी अडवलंय म्हणून पत्रात काय लिहू, कसं समजावू, याचा विचार करत बसले. आणि अडून बसलीयेस तू. ती पण माझ्यामुळं.

मग मी त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. तू नववीत असताना तुझ्या आईचा, मीनाबाईंचा, वेळापूरहून फोन आला होता. भांडण करून त्या भावाकडं गेल्याला दोन वर्षं झाली होती, आणि बाबांनी घरात बजावून ठेवलं होतं की त्या बाईचं नाव काढायचं नाही. त्या फोनवर रडल्या नाहीत. म्हणाल्या, "बाई, मी हितं शाळेची खिचडी शिजवते, दोनशे पोरं जेवू घालते, माजी एक कुटं जेवली का ते कळत न्हाय. माजा आवाज तेवढा तिला पाठवा." मी पाठवला, तू लिहिलेलं उत्तर त्यांना पाठवलं. दर गुरुवारी त्या मला आवाजाचा मेसेज करायच्या, मी तो तुला पुढं पाठवायची, वर 'प्रकरण चार, स्वाध्याय' असं काहीतरी लिहून. म्हणजे बाबांनी मोबाईल बघितला तरी सायन्सच्या बाईच दिसाव्यात. ही अक्कल माझीच.

तुझे बाबा फडक्यानं हात पुसत ऐकत होते. मग म्हणाले, "वर्षभर पोरगी माज्यासमोर बसून मोबाईल बघून हसायची. मी इचारलं की म्हणायची, बाईंनी स्वाध्याय पाठवलाय. मी डेपोत चारचौघांत सांगायचो, आमच्या पोरीच्या बाई लई चांगल्या हायेत, घरी बसूनसुदा शिकवत्यात."

 मी म्हटलं, कागद शाळेनं काढले, माझ्या हातात नव्हतं. ते परत गाडीखाली गेले.

आईचे मेसेज अजून दर गुरुवारी येतात. सहा साठलेत. मी त्यांना कळवलंय सगळं, तरी पाठवतात. मी एकही ऐकलेला नाही. ते तुझे आहेत.

तू ये. माझं तोंड बघू नकोस, खाली मान घालून जा. पण पेपरला ये.

भुवनेश्वरी बाई

•

गुरुवार, २९ जानेवारी २०२६

दीक्षा,

आज तुझ्या आत्याचं कार्ड आलं. चार ओळी. तुलाही कळावं म्हणून इथं उतरवते: 'पत्रं मिळाली. पोरगी वाचते, फाडत नाही, वहीत ठेवते. उत्तर देणार नाही म्हणते. म्हणते, बाई अजून खोटं लिहितात.'

शाळेतून आल्या आल्या दारातच वाचलं. चपलासुद्धा काढल्या नव्हत्या.

बरं. मग खरं लिहिते.

शाळेनं कुणाचेही मोबाईल तपासले नाहीत. परिपत्रकातला नववा नियम एवढाच होता की आजवर ज्यांचा विद्यार्थ्यांशी असा संपर्क झाला असेल त्यांनी यापुढं ठेवणार नाही असं हमीपत्र द्यावं. एक कागद, खाली सही. बाकीच्या सगळ्यांनी दिवसभर स्टाफरूममध्ये बसून मेसेज पुसले आणि सही करून मोकळे झाले. तो नियमही मी वाईट म्हणणार नाही. दुसऱ्या एका शाळेत एका मास्तरनं मुलीला नको ते मेसेज केले, त्यावरनं हे सगळं निघालं. असल्या माणसासाठी अकराच काय, एकवीस नियम असावेत.

पण मी काय केलं? मी आपलं सगळं बोलणं छापलं. झेरॉक्सच्या दुकानात जाऊन, एक्केचाळीस पानं. स्पायरल बाइंडिंग केलं, वर प्लास्टिक लावलं. पानांना नंबर घातले. पुढं अनुक्रमणिका जोडली. आणि लाल पेन घेऊन अभ्यासाच्या प्रत्येक ओळीखाली रेघ मारली, म्हणजे वाचणाऱ्याला दिसावं की बघा, बाई परावर्तनाचे नियम समजावत होत्या. तुम्हाला प्रयोगवहीत मीच शिकवलंय ना, डोळ्यांनी बघितलेलं असेल त्याच्याखाली लाल रेघ मारायची, बाकी अंदाज सगळा साधा ठेवायचा. तसं केलं. त्यामुळं झालं काय, ज्याच्याखाली रेघ नव्हती तेच उठून दिसलं. 'आई, मी जेवले. वांगी केली होती.' 'आई, तू केसाला तेल लाव म्हणतेस, संपलंय.' 'आई, बाबांना सांगू का गं एकदा?'

तू म्हणशील, ती पानं काढून टाकता आली नसती का? आली असती. पण सव्वीस वर्षांच्या नोकरीत मी रजिस्टरचं पान फाडलेलं नाही. हजेरीपटात पांढरी शाई लावलेली नाही. चुकलं तर आडवी रेघ आणि शेजारी सही, असं शिकलेली बाई मी. मधली पानं गाळून फाईल द्यायची म्हणजे मला चोरी वाटली. तुझं बोलणं दुसऱ्याच्या हातात देणं चोरी वाटली नाही. बघ माझी अक्कल.

आणि खरं सांगू? मला वाटलं कुणी वाचणारच नाही. फाईल कुणी वाचत नाही, दीक्षा. सव्वीस वर्षांत मी पाठांची टाचणं दिली, अहवाल दिले, वृक्षारोपणाचे फोटो लावून दिले. एका वर्षी मागच्याच सालचा अहवाल परत जोडला, कुणाच्या बापाला कळलं नाही. फाईल जाडजूड दिसली की शिक्का मारतात आणि कपाटात टाकतात. मला शिक्का हवा होता.

पण या वेळेला पालक समितीत ते चनमल्लप्पा होते, पंख्यांच्या दुकानाचे. त्यांची पहिलीच सभा. चहा येईपर्यंत समोर पडलेली फाईल उघडली आणि वाचत बसले. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस पानं. मग सगळ्यांच्या देखत म्हणाले, हे पोरीच्या बापाला माहीत आहे का? आणि तिथूनच तुझ्या बाबांना फोन लावला. त्यांचं चूक म्हणू मी? बाप म्हणून त्यांनी बरोबरच विचारलं. माझ्यासमोर फोन लावला, आणि मी त्यांना थांबवलं नाही. समोरची बशी सरळ करत बसले होते.

आत्याबाई, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत.

भुवनेश्वरी

•

शुक्रवार, ६ फेब्रुवारी २०२६

दीक्षा,

आज सायन्सचं प्रॅक्टिकल झालं. तुझ्या नंबरचं टेबल मी मांडून ठेवलं होतं, स्टँड, बीकर, लिटमस, सगळं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, ही मुलगी कुठंय? मी म्हटलं, येईल. बारा वाजेपर्यंत दाराकडं बघत होते. मग गैरहजर लिहावं लागलं. माझ्या हातानं लिहिलं. जाऊ दे, प्रॅक्टिकलचे मार्क गेले तर गेले, तू लेखीत भरून काढशील. लेखी बुडवू नकोस, पाया पडते तुझ्या.

आत्याचं दुसरं कार्ड आलं. तू म्हणालीस म्हणे, 'फाईल का दिली ते अजून लिहिलं नाही.'

कार्टे, तू वकील व्हायला पाहिजेस.

पर्यवेक्षिकेची जागा रिकामी होती. सेवाज्येष्ठतेनं माझी होती, पण तेवढ्यात माझ्याविरुद्ध काही बोभाटा झाला असता तर ती खालच्याला गेली असती. मुलांशी व्हॉट्सॲपवर कोण किती बोलतं याची स्टाफरूममध्ये कुजबुज होतीच. मला सगळ्यांच्या वर चोख दिसायचं होतं. बघा, माझ्याकडं लपवण्यासारखं काही नाही, ही घ्या फाईल. झालं. एक तारखेपासून मी पर्यवेक्षिका आहे. केबिन आहे, दारावर पाटी आहे. लोक पेढे मागतात.

आणि मोबाईल बिघडला होता हेही खोटं. फाईल दिली त्याच दुपारी, पाच डिसेंबरला, मुख्याध्यापकांच्या टेबलासमोर उभं राहून मी तुझा नंबर ब्लॉक केला. सिद्धलिंगप्पा सर म्हणाले, "आत्ताच कशाला, करा सावकाश." मीच म्हटलं, नाही, तुमच्यासमोर करते. त्यानंतर पाच दिवस तू वर्गात माझ्याकडं बघत होतीस आणि मी फळ्याकडं. आणि दहा तारखेला बाबांना कळलं त्या संध्याकाळी तू मला काय काय लिहिलं असशील, ते माझ्यापर्यंत आलंच नाही. आता ब्लॉक काढलाय, पण मधलं गेलेलं परत येत नाही म्हणतात. दुकानात जाऊन विचारलं, त्या माणसानं हात वर केले. तू काय लिहिलं होतंस गं? रोज मी मनानं बनवते. एखाद्या दिवशी तू मदत मागितलेली असतेस, एखाद्या दिवशी नुसतं 'बाई' एवढंच. ते मला कधीच कळणार नाही, आणि हे फार वाईट आहे, दीक्षा.

परवा सरांकडं गेले. म्हटलं, बारावा नियम घाला. मुलानं विश्वासानं सांगितलेलं, त्याला विचारल्याशिवाय कुणालाही द्यायचं नाही, शाळेलासुद्धा नाही. जिवावरचं असेल तर मुलाला सांगून, त्याला सोबत घेऊन पुढं जायचं. आणि ज्या मुलाला घरी बोलता येत नाही त्यानं कुणाकडं जायचं, त्या माणसाचं नाव भिंतीवर लिहा. सर माझ्यावर चिडले की कन्नडमध्ये बोलतात. त्या दिवशी कन्नडमध्येच म्हणाले, बाई, ते एक्केचाळीस पानांचं बाड तुम्हाला मागितलं कुणी होतं? मग मराठीत म्हणाले, बदल करायचा तर संस्थेची सभा लागेल.

मी लेखी खुलासा दिला. सगळा, वर लिहिला तसा. पर्यवेक्षिकेचं पद सोडते असंही लिहिलं. सरांनी शिक्का मारून कपाटात ठेवला. पाटी अजून दारावर तशीच आहे.

आता तरी येशील?

भुवनेश्वरी

•

शुक्रवार, १३ फेब्रुवारी २०२६

दीक्षा,

सात दिवस राहिले. आत्याचं कार्ड नाही, काही नाही. हॉल तिकीट माझ्याकडं आहे. खरं तर ते विद्यार्थ्याला किंवा पालकालाच द्यायचं असतं, मी सही करून घेतलंय. परीक्षा केंद्र स्टेशनकडच्या शाळेत आहे. फोटोत तुझी वेणी डावीकडं आलीय आणि तू हसू दाबलंयस. मागून पिंकी काहीतरी बोलत होती, आठवतं?

तू गप्प का आहेस ते मला माहीत आहे. एक गोष्ट राहिलीय. तुला वाटत असेल, बाईंना आठवत नाही. किंवा बाईंना कळलंच नव्हतं.

कळलं होतं.

अकरा डिसेंबर. संध्याकाळचे साडेपाच असतील. मी शेंगाची चटणी करत होते, मिक्सर चालू होता. बेल वाजली. मी दाराशेजारच्या खिडकीच्या पडद्याआडून बघितलं तर तू. शाळेचाच ड्रेस, पायात चप्पल, दप्तर नाही. जुळे सोलापूरपर्यंत चालत आली होतीस बहुतेक, पायांवर धूळ होती. मी मिक्सर बंद केला. दार उघडण्यासाठी नाही. घरात कुणी नाही असं वाटावं म्हणून.

तीनदा बेल वाजवलीस. मी ओट्याला धरून उभी होते. सहावा नियम, मुलांना घरी घ्यायचं नाही. समोरच्या फ्लॅटमध्ये आमच्या संस्थेच्या कारकुनाची बहीण राहते. आदल्याच दिवशी समितीसमोर माझी शोभा झाली होती. ही सगळी कारणं मी तेव्हा मोजली. तू का आली असशील, ते नाही मोजलं.

मग तू गेलीस. दुसऱ्या दिवशी तुला मंगळवेढ्याला नेलं.

मला लेक नाही, तुला माहीत आहे. म्हणून तुझ्यावर जीव होता असं मी लोकांना सांगायची. जीव असता तर कडी काढली असती. दोन पावलांवर होती कडी.

माफी मागत नाही. मागायला तोंड नाही. मला तू कधीच माफ करू नकोस, आयुष्यभर करू नकोस, पण माझ्यावरचा राग त्या पेपरवर काढू नकोस गं पोरी. पेपर तुझा आहे. तुझ्या आईनं दोनशे पोरांना खिचडी वाढून तो तुझ्यासाठी मागितलाय, तुझ्या बापानं गाडीखाली झोपून फी भरलीय. माझा त्यात काय संबंध? मी एक फाजील बाई, मला वगळ आणि ये.

आत्याबाई, तिला धरून आणा. हात जोडते.

भुवनेश्वरी

•

शुक्रवार, २० फेब्रुवारी २०२६

दीक्षा,

आज रजा टाकली होती. साडेनऊपासून केंद्राच्या फाटकाबाहेर उभी होते, हातात तुझं हॉल तिकीट. पोरं येत होती, आया दही-साखर भरवत होत्या, बाप मंडळी पेनं तपासत होती. आपल्या वर्गाच्या पोरी पाया पडल्या. पिंकीनं विचारलं, "बाई, दीक्षा?" मी म्हटलं, आत जा, तू तुझं बघ.

दहा वाजले. सव्वादहा वाजले. साडेदहाला फाटक बंद करतात. मी शिपायाला सांगत होते, एक मुलगी यायची आहे, मंगळवेढ्याहून, जरा थांबा. तो म्हणाला, "म्याडम, सगळ्यांचीच कोण ना कोण यायची असती की."

आणि तुझ्या बाबांची मोटारसायकल आली.

तू उतरलीस. बारीक झालीस. केसाला तेल होतं, चप्प बसवलेले. माझ्या हातातून हॉल तिकीट घेतलंस, फोटो बघितलास, नंबर बघितलास, माझ्याकडं बघितलं नाहीस. आत गेलीस. मी म्हटलं होतं ना खाली मान घालून जा. तू घातली नाहीस, ताठ गेलीस. तेही बरंच.

तुझे बाबा गाडीवरून उतरले नाहीत. खिशातनं एक पाकीट काढून म्हणाले, "पोरीनं दिलंय." मी घेतलं. मग हेल्मेट घालता घालता म्हणाले, "तिच्या आईला सांगा, पोरीशी बोलायचं आसंल तर माज्या फोनवर बोलू दे. सरळ. चोरून न्हाय." मी तिथूनच मीनाबाईंना फोन लावला. खिचडीचं पातेलं उतरवत होत्या. मागं पोरांचा गोंगाट ऐकू येत होता. साठलेले मेसेज मी आता तुझ्या बाबांच्याच फोनवर पाठवते, त्यांना आधी विचारून.

पाकिटात माझीच पत्रं होती. पाचही. मला वाटलं परत केलीस, संपलं. समोरच्या चहाच्या टपरीवर बाकड्यावर बसले आणि उघडली. तू लाल पेन चालवलंयस.

पहिल्या पत्रात एकही रेघ नाही. पूर्ण कोरं. दुसऱ्यात तुझ्या बाबांच्या बोलण्याखाली आहे, आईच्या बोलण्याखाली आहे, आणि 'ही अक्कल माझीच' याच्याखाली. तिसऱ्यापासून रेघा वाढत गेल्यात. चौथ्यात तर 'मला सगळ्यांच्या वर चोख दिसायचं होतं' याच्याखाली दोनदा मारलीयेस, कागद फाटायला आलाय. मी वाचत गेले. सव्वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या, माझी कुणी इतकी नीट तपासली नव्हती. चहा गार झाला. टपरीवाला म्हणाला, "बाई, दुसरा देऊ का?" मी पुढचं पत्र उघडलं.

पाचव्या पत्रात जवळजवळ सगळंच लाल आहे. पडदा, मिक्सर, कडी. एकच शब्द तू खोडलायस. मी शिकवलं तसं, आडवी रेघ आणि शेजारी सही. 'तीनदा बेल वाजवलीस' यातला 'तीनदा' खोडून वर लिहिलंयस, 'चारदा'.

पेपर सुटला तेव्हा मी निघून गेले होते. तुला माझं तोंड दिसू नये म्हणून. पिंकीचा फोन आला, निबंध तुला सोपा गेला म्हणाली. सोमवारी दुसरा पेपर आहे, पाण्याची बाटली ने, उन्हाचं चालत जाऊ नकोस. हे पत्र मंगळवेढ्याला पाठवत नाही, तुझ्या बाबांच्या हातात देईन, उघडंच. त्यांनीही वाचावं.

तुझी दुरुस्ती बरोबर आहे. तीन बेल झाल्यावर तू जिना उतरलीस. पावलं ऐकली मी, आणि सुटले म्हणून हुश्श केलं. मिक्सरच्या बटणावर बोट ठेवलं, तेवढ्यात तू परत वर आलीस. चौथी बेल बारीक होती, बटण पुरतं न दाबता वाजवल्यासारखी. तुला वाटलं असेल, तेवढी तरी बाईंना ऐकू गेली नसेल.

चौथीही मी ऐकली होती.

भुवनेश्वरी